दहापैकी चार

नोरीननं वेळ घेतली म्हणून आला.
एरल टकवेल, वय एकोणसाठ,
जेरिल्डरीच्या पलीकडच्या शेडांतून
चाळीस हंगाम मेंढ्यांची लोकर कातरलेला.
अर्जावर माणसाची रिकामी आकृती असते,
दुखतं तिथे फुली मारा, मी म्हणाले.
त्यानं एकच मारली, उजव्या खांद्यावर,
तीही रेषेच्या जराशी बाहेर.

कसं दुखतं?
ठणकतं? चमक येते? कळ निघते?
बोटांना मुंग्या? रात्री कूस बदलताना?
बुटांकडे बघत म्हणाला, दुखतं.
शून्य ते दहा?
चार.

हात वर करा. जाईल तेवढाच.
आता पुढे वाका.
वाकणं त्याला कुणी शिकवायला नको,
बिजागरीसारखा वाकला.
सरळ होताना मात्र मांडीवर हात टेकत
हप्त्याहप्त्यानं वर आला.

आधी ऐकून घ्या, मी म्हणाले.
हे सुवासिक मेणबत्त्यांचं काम नाही.
जिथे हात लावणार ते सांगून लावीन,
टॉवेल तेवढ्यापुरताच सरकेल.
दुखेल. पण श्वास अडला तर
माझा दाब चुकलाय, तुमची हिंमत नव्हे.
थांब म्हणालात की थांबेन.
उद्या अंग आंबेल,
रात्रभर नाचून आल्यासारखं. परवा उतरेल.
आणि चाळीस हंगाम
एका तासात निघत नाहीत.
हं, म्हणाला एरल,
आणि टेबलाच्या भोकात चेहरा घालून पालथा झाला.
आता त्याच्या जगात फक्त माझे बूट
आणि फरशीचा एक तुकडा.

खांद्यापाशी मी फार रेंगाळले नाही.
खांदा नुसता ओरडतो.
चोर खाली होता, डाव्या कमरेत,
बरगडी आणि खुब्याच्या मधला पट्टा
ओल्या दोरासारखा पिळलेला.
उजव्याचं सगळं डाव्यानं
गुपचूप अंगावर काढलेलं.
दुखऱ्या नसेवर बोट ठेवणं
आमच्या धंद्यात वाक्प्रचार नाही. ठेवलं.
त्याच्या टाचा हलल्या.
किती?
चार.
एरल.
सात. नोरीनला सांगू नका.

मग घासायचं नाही, रगडायचं नाही.
अंगठा टेकवून उभं राहायचं,
आतून कुणीतरी कडी काढेपर्यंत.
बाहेर गावातला एकुलता एक सिग्नल
किती वेळा बदलला कुणास ठाऊक.
पट्टा आधी थरथरला, मग विसावला,
आणि एरल घोरायला लागला.

झोपेत त्याचा डावा हात हळूच उघडला,
बोटं पसरली, चादर ताणून धरली,
मेंढीची कातडी ताणतात तशी,
पातं सुरकुतीत अडकू नये म्हणून.
मी ती बोटं सोडवली नाहीत.
ती काळजी अंगवळणी पडलेली,
तिच्यावर उपचार नसतात.

शेवटी हात घेतला हातात.
घट्ट्यांची अपेक्षा होती.
तळवा निघाला तान्ह्या बाळासारखा,
लाखो मेंढ्यांचं तेल मुरलेलं.
माझी बाटली बंदच राहिली.
जागा झाला, आणि तासाभरात पहिल्यांदा
स्वतःहून काही विचारलं:
तुमचा अंगठा कोण बघतं?
सांध्यापाशी सुजलाय.
एकोणीस वर्षं, मी म्हणाले.
किती?
चार.
दोघंही हसलो, तो जरा जपून.

टेनिसचा चेंडू दिला,
भिंतीला पाठ लावून रोज दोन मिनिटं.
कुत्रा पळवेल, म्हणाला.
दोन घ्या मग.
हाताला बधिरपणा आला तर माझ्याकडे नाही,
सरळ डॉक्टरकडे.
पुढच्या बुधवारी या.
बघू, म्हणाला,
म्हणजे नोरीन बघेल.

खिडकीतून दिसलं ते एवढंच:
येताना आरशांवर विसंबून
फुटाफुटानं गाडी लावणाऱ्या माणसानं
रिव्हर्स टाकताना सवयीनं आरसा बघितला,
मग थांबला,
आणि मान वळवून मागे पाहिलं.
मागच्या हौद्यात कुत्रा बसला होता.
तोही थोडा चपापला.