मापापुरती अरबी

आईची भाषा कधी शिकलो ते आठवत नाही,
जशी बेंबी कधी आली ते आठवत नाही.
शाळेतली मराठी मात्र आठवते:
आबलोलीच्या पवारबाई
‘पानी नव्हे, पाणी’ म्हणत पट्टी मारायच्या.
अजून ण आला की माझी मूठ मिटते.

हिंदी फुकट आली.
इंग्रजी बॉबिनच्या डब्यावर वाचली, तीही अर्धी.

मुहर्रकला उतरलो तेव्हा एकविसावं लागलं होतं.
अरबी टेपने शिकलो, खांद्यापासून टाचेपर्यंत.
तवील म्हणजे लांब, गसीर म्हणजे आखूड,
बाचिर म्हणजे उद्या,
आणि उद्या म्हणजे परवा, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक.
माझ्या अरबीत मान आहे, मनगट आहे, घेर आहे,
बाकी माणूस नाही.
एकतीस वर्षं तेवढ्यात भागलं.

मल्याळम अंधारात शिकलो.
वरच्या बंकवर कुंजुमोन, फोनवर त्याची बायको,
खोलीत सहा जण, म्हणून तो नुसत्या ओठांनी बोलायचा.
उरंगियो? झोपलीस का?
सारमिल्ला. असू दे, काही बिघडत नाही.
त्यामुळे माझी मल्याळम कुजबुजतच येते;
दुकानातला बशीर विचारतो,
तांदूळ मागतोयस की गुपित सांगतोयस?

रमजान सरता सरता बू यूसुफचा मुलगा आला.
थोब तयार होता, इस्त्री करून.
बू यूसुफ नव्हता.
त्याच्या एकोणीस ईद मीच शिवल्या.
शेवटची पाच-सहा वर्षं तो बोटबोट उतरत चालला होता,
मी काही न बोलता टीप वर घ्यायचो.

अरबीचे सगळे खिसे चाचपले.
बाही निघाली, कॉलर निघाली, बाचिर निघालं.
शेवटी गळ्यातला टेप काढून ठेवला
आणि हात वर नेला, जाईल तितका:
उबूक... तवील.
मुलगा त्या हाताकडे बघत राहिला.
ई वल्ला, म्हणाला, तवील.
आणि मी घातलेली घडी मोडून
थोब त्याने तोंडावर धरला.

रात्री बायकोने गुहागरहून विचारलं,
आवाज का असा येतोय?
आईच्या भाषेत म्हटलं, काय नाय.

दिवा गेल्यावर वरून आलं, उरंगियो?
तिला विचारत होता की मला, कुणास ठाऊक.
मी ओठांनीच म्हटलं,
इल्ला.