शून्य पॉइंट तीन

डिसेंबरात नागपूरला थंडी पडली
की माझ्या टेबलावर गिझरच्या कॉइली येतात,
बोअरच्या पाण्यानं पांढऱ्या झालेल्या,
थर इतका जाड
की आत तार आहे हे कुणाला आठवत नाही.
लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवतो.
सकाळी बादलीत गाळ खाली, कॉइल वर.
सव्वीस ओहम. जिवंत हाय, म्हणतो,
बाई पिशवीत घालून नेते.

काल आवराआवर करताना
केळीबाग रस्त्यावरून गल्लीत एक गाडी वळली.
पोरगा. कॉलेजचा असावा. हेल्मेट काढलं नाही.
रुमालात गुंडाळलेलं काहीतरी, पेनाएवढं.
"काका, जळकं लागून राह्यलं."
उलगडून पाहिलं.
"हे तर बंद हाय ना बे आपल्याकडे?"
"मित्राचं हाय."
"हाव. मित्राचंच असते."

तिथंच परत द्यायला हवं होतं.
पण तार दिसली
की माझी बोटं आधी जातात, मी मागून जातो.
इस्त्रीची पाहिली, शेगडीची पाहिली,
ही सगळ्यांत धाकटी,
पाच वेढे, नातीच्या कानातल्या बाळीएवढे.
मधून कापसाचा बोळा, काळा ठिक्कर,
आणि वेढ्यांवर गोड रसाचा जळका पाक,
कढईच्या बुडाला काकवी धरते तसा.

मीटर काढला. म्हटलं, थांब.
आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावायची.
मधे काहीच नाही, तरी शून्य येत नाही.
शून्य पॉइंट तीन.
हा आपल्याच वायरींचा रोध.
गिझरला नाही धरला तरी चालतं,
सव्विसात कुठं मुरतो कळत नाही.
एवढ्याशा तारेला मात्र
आधी स्वतःचं वजा करावं लागतं.

एक पॉइंट पाच.
वजा जाता एक पॉइंट दोन.
"तार ठीक हाय तुझी. कापूस मेला."
तुझी म्हटलं, तो काही बोलला नाही.

चिमट्यानं बोळा ओढला. तार कोमट पाण्यात बुडवली,
फुंकून वाळवली.
मग एका जुन्या सेलवर
थांबून थांबून लाल केली.
आधी एकाच टोकाला पेटली, वेढे चिकटले होते.
बारीक स्क्रूड्रायव्हरनं छेडली.
पुन्हा.
मग मधून निघाला उजेड, दोन्हीकडे सारखा गेला,
पाक राख होऊन हातरुमालावर पडला.
पोरगा पाहायला वाकला,
तेव्हा कुठं हेल्मेट निघालं.
दाढी अजून नीट आलेली नव्हती.

"आता कापूस टाका ना काका."
"कापूस नाही माझ्याकडे."
विदर्भात बसून असं म्हणणारा
मी पहिलाच असेन.
ड्रॉवरमध्ये अख्खं बंडल होतं.

त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं.
प्लास्टिकची पुडी, संध्याकाळीच घोटून आणलेला खर्रा.
"अन् हे, काका? हे चालते?"
"हेही बंदच हाय."
हसलो. उघडतं तेवढं.

मेडिकल चौकात दातांच्या दवाखान्यात
डॉक्टरीण म्हणाली होती,
तीन बोटं घाला, एकावर एक.
दोन गेली.
तिसरं ओठाशी उभं राहिलं, पाहुण्यासारखं.
तेव्हापासून संत्र्याची फोड मी आडवी घालतो.
पोह्यांवरची तर्री सुटली, झोंबते.
गालाच्या आत पांढरा थर धरलाय म्हणे.
लिंबूसत्त्वानं जातो का,
हे मी तिला खरंच विचारलं होतं.

"किती झाले?"
"तपासायचे घेत नाही."
तो गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकला.
रुमाल न्यायचा विसरला,
त्यावर तार.
तो विसरला की मीच आठवण केली नाही,
शटर अर्धं ओढेपर्यंत ठरवत होतो.

मग पुन्हा आत आलो,
मीटरची टोकं एकमेकांना लावून पाहिली.
शून्य पॉइंट तीन.
पुडी अर्धी उरली होती.
सकाळी रामटेकेबाईंचा गिझर द्यायचाय.