उसनवारी

बर्फ अजून उत्तरेच्या कुंपणाला धरून आहे,
धुवायची राहून गेलेली चादर जशी.
बाकी सगळा चिखल.
वाल्मिएराहून येणारी पावाची गाडी
आता रस्ता सुकेतो यायची नाही,
म्हणून सोमवारीच वेल्टा काथवटीत
काळ्या पावाचं पीठ भिजवते,
मागच्या सोमवारचा आंबट गोळा त्यात कालवते
आणि काथवट चुलीमागे ठेवते,
बाळंतिणीसारखी पांघरून.

मंगळवारी तळघर.
बटाट्यांना मोड आलेत, पांढरे, लांब,
अंधारात चाचपडणारे.
खायचे एका टोपलीत, लावायचे दुसरीत,
मऊ पडलेले डुकराला.
गुन्टार्स वरून विचारतो, किती उरले?
ती म्हणते, पुरतील.
हा आकडा त्याला तीस वर्षांत कळलेला नाही.

खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटोची रोपं,
काचेला नाक लावून.
आयर्लंडहून लेकीचा फोन येतो.
तिच्या अळंबीच्या शेडमध्ये ऋतू नसतात.
बर्चचं पाणी सुरू झालं का गं?
वेल्टा फोन खिडकीबाहेर, झाडाच्या दिशेने धरते.
बरणीत थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग थेंब.
पलीकडे लेक काही बोलत नाही,
फोन बंदही करत नाही.

बुधवारचं धुणं रात्रीतून दोरीवर गोठलं.
गुन्टार्सची विजार उभीच्या उभी आत आणली,
भिंतीला टेकवली,
तर कुत्रा तिच्यावर भुंकला.

गुरुवारी, अंडी मोजता मोजता, तिच्या लक्षात आलं:
आउस्मा आली नाही या आठवड्यात.
शेतापलीकडची आउस्मा, एक्याऐंशीची,
दर आठवड्याला काहीतरी उसनं न्यायला येते.
काडेपेटी, मीठ, एकदा नुसती सुई.
ते परत करायला येते तेव्हा दुसरं काही मागते.
खातं कधी मिटू देत नाही.
वेल्टाने तिच्या धुराड्याकडे पाहिलं.
धूर होता.
तरी.

पण त्याच रात्री झीले व्यायला झाली.
दोन वाजता गोठ्यात कंदील,
वासरू मागचे पाय आधी काढून,
गुन्टार्सचे हात कोपरापर्यंत आत.
ओढलं, चोळलं, नाकात गवताची काडी घातली.
शिंकलं.
दोघांचा जीव चरवीत पडला.

शुक्रवारी चिकाची धिरडी, पिवळीधमक.
ताट फडक्यात बांधून वेल्टा निघाली,
फळ्यांवरून,
आणि फळ्या संपल्या तिथून नशिबावरून.

आउस्मा उंबऱ्यात बसलेली.
एका पायात गमबूट,
दुसऱ्यात एकावर एक तीन लोकरी मोजे.
"तो बघ," तिने बोट दाखवलं.
अंगणाच्या मधोमध दुसरा,
घोट्यापर्यंत रुतलेला, पाण्याने काठोकाठ.
"रविवारी तुझ्याकडेच निघाले होते.
जमिनीने ठेवून घेतला.
ओढून पाहिलं, मग म्हटलं असू दे,
तिलाही लागत असेल काही उसनं.
सुकली की करील परत."

"आणि तुला काय हवं होतं रविवारी?"
आउस्माने धिरड्याची घडी केली,
चावली, सावकाश गिळली,
आठवून पाहिलं.
"काही नाही आठवत.
काहीतरी दे."

वेल्टाला घरी शंभर कामं होती,
न्हाणीघराची लाकडं फोडायची, वासराला पाजायचं,
राख अजून वाफ्यांवर पसरायची होती.
तरी ती धिरडी संपेतो बसली.
निघताना फडकं तेवढं घेतलं.
ताट राहिलं तिथेच.
राहू दिलं.