कडी

नथानेल, साडेदहा वाजले.
बेळगावहून आलेली शेवटची बस
खानापूर स्टँडवर रिकामी उभी, कंडक्टर चिल्लर मोजतोय.

काल फोनवर तू कन्नडमध्ये बोललास,
मला कळू नये म्हणून.
अरे वेड्या, वीस वर्षं सरकारी दवाखान्यात
याच भाषेत मी बाळंतिणींना धीर देते.

ओठांवर खूप आलं होतं.
मग मरीया आठवली.
बारा वर्षांचं पोर, तीन दिवस बेपत्ता,
आणि सापडल्यावर तोंड वर करून उत्तर.
तिला ते कळलं नाही,
तरी ठेवून दिलं आत, घडी घालून.

पाळकसाहेब दरवर्षी हे वाचतात.
परतीच्या वाटेवर ती काय बोलली
ते कुणी लिहून ठेवलं नाही.

भात झाकलाय.
कडी लावत नाही.