पोटभाडेकरू

कोविल्यांच्या चढावरच्या गिरणीत तेवीस माग होते.
आता चार.
चारही बेलार्मिनूच्या एकाच प्रोग्रामचं ऐकतात.
प्रोग्राम लिहिणारी कंपनी केव्हाच मिटली,
तिथे आता दाताचा दवाखाना आहे, असं तो सांगतो
आणि सांगताना स्वतःची दाढ चाचपतो.

परवा जुना संगणक गेला.
पंखा आधी घरघरला, मग गप्प.
पिवळा पडलेला तो डबा आणि त्याचा पडदा
बेलार्मिनूने लोकरीत गुंडाळून ठेवलाय.
पुरावा की विकावा, अजून ठरत नाही.

मी झुलैका, खालच्या गल्लीतली दुरुस्तीवाली.
नवं यंत्र पाठीवर घेऊन चढले.
त्याची सिस्टीम वेगळी,
जुन्या प्रोग्रामला तिच्यातलं अक्षर कळत नाही.
तेव्हा नव्याच्या पोटात एक खोली काढली,
जिला भिंती नाहीत.
मेमरी दिली मोजून, वाण्याने साखर द्यावी तशी,
प्रोसेसर अर्धा, तोही उसना,
आणि जुन्या विंडोजचं बिऱ्हाड
भांड्याकुंड्यांसकट आत नेऊन मांडलं.
पोटभाडेकरू.

"तिला कळतं का, ती दुसऱ्याच्या घरात आहे ते?"
नाही कळत.
ती डिस्क मागते, तिला एक फाईल देतात,
ती फाईलला डिस्क म्हणते आणि कामाला लागते.
आता कुठेच बनत नाही असं एक कार्ड मागते,
तेही मिळतं, हवेतलं.
इतक्या निमूटपणे फसणारं
मी माणसांत कोणी पाहिलं नाही.

परवान्याची मुदत दोन हजार चारला संपलेली,
म्हणून आतलं घड्याळ मागे ओढलं.
बाहेर नोव्हेंबर, डोंगरावर धुकं, जिन्यात ओल.
आत मंगळवार, अकरा मार्च, दोन हजार तीन.
बेलार्मिनूने तारीख वाचली.
"तेव्हा माझे गुडघे चांगले होते,"
म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

नक्षी उघडली. पांघरूण क्रमांक तीनशे अठरा,
काठाला ओकची पानं, मध्ये लाल.
बराच वेळ बघत राहिला.
"हा माझा लाल नाही."

मी आकडे तपासले. आकडे तेच.
मग लोकर सोडून जुना पडदा जोडून पाहिला, तेव्हा उमगलं:
तो कित्येक वर्षं हिरवट पडत आला होता.
धुक्यातली बस दिव्यांवरून ओळखावी
तसा हा माणूस त्या हिरव्यातून लाल ओळखत होता,
आणि मागावर उतरायचा तो बरोबरच.
"समोर आहे तो खरा रंग," मी म्हटलं.
"असेल खरा. माझा नाही."

मला वर्षानुवर्षं दोष काढायचे पैसे मिळालेत.
त्या दुपारी मी दोष घातला.
त्या एका खिडकीपुरता हिरवा अकराने चढवला,
निळा चाराने उतरवला,
कडा किंचित विरघळू दिल्या.
"डाव्या कोपऱ्यातला डाग?"
"ठेव की. त्याच्याच खाली माझी सही असते."

मिंडेलोहून आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
दिवसभर वर पोर्तुगीज चालते,
खाली क्रिओल, कमी मेमरीवर.
रागावले की वरची खिडकी थिजते.
हे त्याला सांगितलं नाही. कॉफी प्यायलो.

सहाला त्याला शिकवलं: बंद करायचं नाही, थांबवायचं.
उद्या धागा जिथे सुटला तिथूनच पुढे.
"म्हणजे मधली रात्र तिला कळणारच नाही?"
"नाही."
त्याने बटण दाबलं, खिडकी राखाडी झाली.
मग कपाटातून पांघरुणाचा एक तुकडा काढून
त्याने यंत्रावर घातला.
"आत मार्च आहे ना, इकडे मार्चात गारठा असतो."
मी म्हटलं, तापेल.
त्याने मुकाट काढला.

जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं:
तुकडा पुन्हा घातलेला होता,
पंख्याची बाजू तेवढी उघडी ठेवून.