शेऱ्याचा रकाना

कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी
मी साडेनवाला पोचते तेव्हा ओहोटी आहे.
चिखलात रुतलेली बार्ज, पोटाला भोक,
भोकातून एक खंड्या ये-जा करतोय
स्वतःचं घर असल्यासारखा.
माझ्या पाटीवर तीन पर्याय, अकरा निकष,
प्रत्येकाला एक ते पाच गुण.

पर्याय अ : पाडा. फरशी, दिवे, बाकं, पर्यटकांच्या होड्यांना धक्का.
पर्याय ब : भिंती ठेवा, आत कॉफी,
वेल्डिंगच्या शेडमध्ये वेल्डिंगचे फोटो.
पर्याय क ला एकच ओळ मिळालीय,
'आहे तसे, किमान डागडुजी',
तीही जरा लहान अक्षरात.

सोबत रंगीत चित्र.
चित्रात छत्री घेतलेली गोरी बाई, फुगेवालं मूल,
आणि सगळ्यांच्या सावल्या दक्षिणेला.
इथे भर डिसेंबरात सूर्य उत्तरेला?
आपोलिना चित्र उलटंसुलटं करून बघते.
तिचं कँटीन जिथे आहे तिथे एक झाड काढलंय.
"झाड बरें आसा," म्हणते,
आणि मला कपभर चहा देते,
पैसे घेते.

पाचवा निकष : सांस्कृतिक मूल्य, बांधकामाचं वर्ष लिहा.
पलीकडच्या गावात पौषाच्या अवसेला
बांधावर चिखलाची मगर थापतात,
डोळ्यांना शिंपल्या, दातांना काटक्या,
खऱ्या मगरीनं माणसाकडे बघू नये म्हणून.
ती टिकते दोन-तीन भरत्या.
वर्ष काय लिहू?

म्हाबळू कुंडईकर, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं बार्जच्या पोटाखाली पाठीवर झोपून
पत्रे जोडत होता.
खनिज थांबलं, बार्जा थांबल्या,
म्हाबळू अजून सकाळी येतो,
कुलपाला हात लावतो आणि बसतो.
त्याला मी निकष आठ विचारते : स्थानिक रोजगार.
तो म्हणतो, वॉचमन किती लागतील?
मी कागद बघते. दोन.
"आमी सत्तर आशिल्ले," म्हणतो,
सहज, हवामान सांगावं तसं.

मग तो मला शेडच्या मागे नेतो.
भिंतीवर रेड ऑक्साइडच्या आडव्या रेघा,
एकाखाली एक, एकावर एक,
जवळ वर्षं, काही ओळखू न येणारी.
पाणी कुठवर चढलं ते.
कोणी सांगितलं नव्हतं. डब्यात तळाला रंग उरायचा,
वाया कशाला घालवायचा.
सगळ्यात वरची रेघ माझ्या खांद्याशी,
तिच्याखालची कमरेशी.
मी टेप लावते.
पर्याय अ ची फरशी कमरेच्या रेघेखाली
बावीस सेंटिमीटर.
पर्याय ब चा कॉफीचा काउंटर
तिच्याहून एक वीत उंच आहे, म्हणजे
कॉफी वाचेल, गिऱ्हाईक भिजेल.
म्हाबळू हसत नाही. मी हसले म्हणून गप्प राहते.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
बेरीज करताना तो धरत नाहीत.
मी तरी लिहिते : रेघा सतरा,
आखणाऱ्याचं नाव, मग जागा संपते,
कागदाच्या मागे जाते.
मगरही मागेच जाते. आपोलिनाच्या चहाचे दहा रुपयेही.

"खंय घाल्लें म्हजें नांव?" म्हणत म्हाबळू वाकतो,
दाखवायला अंगठा टेकवतो.
आज सकाळीच त्यानं कुलपाला रंग लावला असावा.
ब आणि क च्या मधोमध
तांबडा ठसा, ओला, गोल,
अर्धा एका चौकटीत, अर्धा दुसऱ्या.

भरती लागलीय. बार्जच्या भोकात पाणी शिरतंय,
खंड्या बाहेर येऊन कठड्यावर बसलाय.
उद्या ऑफिसात आकडे भरणारा पोरगा विचारेल,
मॅडम, हा किती?