पहिलं बरं की दुसरं

भूषणच्या दुकानातला पंखा
प्रिंटरला वारा घालतो, गिऱ्हाइकाला नाही.
स्क्रीनवर फॉर्म. आडनाव आधी.
डाखोरे. मग चेतना. मग बाबांचं नाव,
मग एक रिकामा चौकोन आणि त्यात खाली पाहणारा बाण.
बाणावर टिचकी मारली
की थानासारखी उलगडत जातात कॉलेजं,
मी न पाहिलेली गावं, कंसात जागा.
"सांग ना व लवकर," भूषण म्हणतो,
"चार वाजले की साइट बसते."

राऊत सर म्हणाले होते, आधी बीएस्सी कर, फिजिक्स घे,
तालुक्यालाच, अकरा किलोमीटर, एसटीचा पास निघतो.
प्रकाश कळल्याशिवाय डोळा कळत नाही.
फळ्यावर त्यांनी भिंग काढलं,
पट्टी न लावता तीन किरण, तिन्ही सरळ.
चष्मा कपाळावर ठेवून सर दिवसभर चष्मा शोधतात,
तो भाग वेगळा.

वानखडे मॅडम काहीच म्हणाल्या नाहीत.
बाजाराच्या दिवशी हमीदचाचांकडून
स्टीलच्या डब्यात बोकडाचा डोळा घेऊन आल्या.
ब्लेडनं चिरला. आधी पाणी, मग जेलीसारखं काहीतरी,
मग मटाराएवढं एक भिंग.
ते त्यांनी जुन्या पेपरावर ठेवलं
आणि निविदा सूचनेतला ‘नि’ फुगून वर आला.
पोरी ईऽऽ करत मागे सरल्या.
डबा मी घासला, दोनदा,
आणि भिंग वाळून पांढरं होईपर्यंत
वहीच्या कव्हरात ठेवलं.

बाबा जिनिंगच्या काट्यावर बसतात,
त्यांना सगळं वजनात लागतं.
"चार वर्सं? डोयाचं शिकाले?
मानसाले दोनच तं डोये असते."
लाइट बिलाच्या मागे त्यांनी फी लिहिली,
खाली होस्टेल, खाली मेस,
बेरीज केली नाही. पेन कानावर ठेवला.
आईनं एकच विचारलं,
होस्टेलच्या बाथरूमला आतून कडी आहे का.

आणि पौषात शाळेत शिबिर लागलं, तेव्हाची ती.
नागपूरहून आलेली, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी,
पांढऱ्या कोटाच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की.
तक्ता धरायला तिनं मला उभं केलं होतं.
गजूभाऊंच्या नाकावर लोखंडी फ्रेम,
तिच्या हातात काचा, खट्, खट्.
पहिलं बरं की दुसरं?
"तुमीच सांगा ना मॅडम, तुमी शिकलेल्या."
"डोळे तुमचे आहेत, काका."
पुन्हा खट्. पहिलं की दुसरं?
शेवटी गजूभाऊ ओशाळले, घाम पुसला,
"दोनी सारकंच दिसून राह्यलं."
मला वाटलं आता ती रागावते.
ती हसली. म्हणाली, मग आलो आपण जवळ.

दिवसभरात तिनं एकशे चौदा माणसं तपासली.
तक्ता धरणारीला कोणी तपासलं नाही.

"काय करून राह्यली व?" भूषण विचारतो.
मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवलाय.
डाव्यानं यादी वाचते, सगळ्या ओळी नीट.
मग डावा झाकते.
उजव्यात कॉलेजांच्या नावांना लव फुटते,
मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत शिरतात.
अठरा वर्षं मी काय काय
एकाच डोळ्यानं वाचत होते, कोण जाणे.

"तपासून राह्यली," मी म्हणते.

नागपूर पहिल्या चौकोनात टाक.
दुसऱ्यात राऊत सर.
म्हणजे तालुका, फिजिक्स. हसू नको, टाईप कर.

पावती निघते, शाई संपत आलेली.
तारीख कुठे छापली आहे ते दिसत नाही,
मी कागद नाकाजवळ नेते,
मग थोडा लांब,
मग थोडा जवळ.